मयताच्या वहीवरचा रुमाल

मित्रांनो, मला उघडायचं तर दोन गाठी सोडाव्या लागतात. समोरासमोरची दोन टोकं आधी एकमेकांना बांधलेली, आणि उरलेली दोन त्यांच्यावर. मी एक जुना दप्तराचा रुमाल आहे. जमिनीवर पसरलात तर माझ्यावर दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा मोठा. कापड खारव्याचं, जाडंभरडं आणि लाल. आता त्याला लाल म्हणायला धीर लागतो. जुन्या वाळक्या मिरचीसारखा काळपट रंग उरला आहे, आणि घड्यांच्या जागी तोही नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला वाचता येत नाही. साठ वर्षांहून जास्त काळ माझ्या पोटात वह्या आहेत, पण त्यांत काय लिहिलं आहे ते कुणी मोठ्यानं वाचलं तरच मला कळतं. ऐकलेलं मात्र मी विसरत नाही.

बारामतीच्या बाजारात एका दुकानात मी ताग्यात गुंडाळलेला होतो. इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या बाजूला नीरेकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांची नातवंडं अजून तिथं राहतात. त्या गावच्या पोलीस पाटलांनी मला विकत घेतलं. शिंप्यानं दोन पन्ने जोडून मधोमध शिवण घातली, कडा दुमडून टीप मारली आणि मी कामाला लागलो. माझ्या पोटात जन्माच्या तीन वह्या आणि मयताच्या दोन. लग्नांची वही नव्हती. लग्न साऱ्या गावानं जेवून पाहिलेलं असे, ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटत नसे.

वह्या पाटलांच्या नावावर, पण पाटलांची नजर अधू होती. म्हणून लिहायचा सिद्धू कोतवाल. तो चौथीपर्यंत शिकलेला. एकेक अक्षर तोंडानं म्हणत, मग कागदावर उतरवत लिहायचा. ओट्यावर बसलेली माणसं त्याची थट्टा करायची.

"सिद्धूराव, जरा हळू वाचा की. मेलेला जागा हुईल."

"हू दे की. जागा झाला तर एक वळ खोडावी लागंल, एवढंच," असं म्हणून सिद्धू पुढचं अक्षर म्हणायचा. त्याच्या या सवयीमुळे मला गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू ठाऊक झाला.

एका वर्षी नदीचं पाणी पाटलांच्या परसापर्यंत आलं. भिंतीला ओल चढली, कपाटाची फळी फुगली. वह्या मात्र कोरड्या राहिल्या, कारण सिद्धूनं मला घट्ट बांधून माळवदाच्या तुळईला टांगलं होतं. पाणी ओसरल्यावर तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावरून हात फिरवला. "पाटील, दप्तर ठेवावं तर असं." माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

आता जयवंताची गोष्ट.

एकोणीसशे एकसष्टच्या जून महिन्यात सिद्धूनं जन्माच्या वहीत लिहिलं, "मुलगी. नाव जयवंता. बाप कोंडिबा. आई सरुबाई. तारीख अकरा." कोंडिबा नीरेकाठचा शेतकरी. त्याचा पाच वर्षांचा मुलगा दत्तोबा त्याचं धोतर धरून उभा होता. जयवंता ही दत्तोबाच्या पाठची.

चौसष्टच्या मार्चमध्ये गावात गोवर आला. त्या आठवड्यात मयताची वही रोज उघडली गेली. चौथ्या दिवशी कोंडिबा आला आणि ओट्याच्या कडेला टेकला. सिद्धूनं पेन शाईत बुडवलं आणि म्हणत म्हणत लिहिलं, "जयवंता. बाप कोंडिबा. मुलगी. वय तीन वर्षे. गोवर."

"तीन न्हाय पुरी," कोंडिबा म्हणाला. "ज्येष्ठात झाली असती."

"तीनच ऱ्हाऊ दे, तात्या. ती महिनं मोजून काय करायचं आता?"

कोंडिबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "सरूनं तिच्या कानामागं काजळाचं बोट लावलंय. पुरायच्या आधी. म्हनली, परत आली म्हंजी वळखू येईल."

मित्रांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्या काळी लेकरू गेलं की आया असं करायच्या. पुढच्या लेकराच्या अंगावर त्याच जागी डाग दिसला, तर गेलेलंच परत आलं असं मानायच्या. त्यावर त्या दिवस काढायच्या.

सहासष्टच्या दिवाळीआधी कोंडिबा पुन्हा आला. या वेळी हातात गुळाची ढेप.

"सिद्धू, आली रं! जयवंता आली. कानामागं डाग हाय, उजव्या. सरू रडती आन हसती."

सिद्धूलाही आनंद झाला. त्यानं गूळ कपाळाला लावला, मला सोडलं, जन्माची वही काढली आणि पेन उचललं. कोंडिबानं वहीवर हात ठेवला.

"नगं लिवू."

"का वं?"

"तिची नोंद हाय की वहीत. दुसऱ्यांदा लिवली म्हंजी ही येगळी झाली. मग ती मेली ती मेलीच म्हनायची. न्हाय, ही तीच हाय."

"आन मयताच्या वहीत लिवलंय त्याचं काय करू?"

"खोड."

"लिवल्यालं खोडता येत न्हाय, तात्या. सायेब इचारतो."

"मग ऱ्हाऊ दे तसंच. पर ही नगं लिवू."

सिद्धूनं पेन पुसून ठेवलं. आत पाटील झोपलेले होते. सिद्धूनं वही मिटली, दोन्ही गाठी मारल्या, आणि दोघांनी ओट्यावर बसून गूळ खाल्ला. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं होतं. एका बापाला त्याची मुलगी परत मिळाली होती आणि त्यासाठी एक ओळ लिहायची राहिली, एवढंच. ओळ न लिहिल्यानं काय होऊ शकतं याची मला कल्पना नव्हती.

तीन वर्षांत सरुबाई गेली. सिद्धूनं तीही नोंद म्हणत म्हणत लिहिली. पुढे नियम बदलले, नव्या नोंदी ग्रामपंचायतीकडे जाऊ लागल्या. जुन्या वह्या घेऊन मी पाटलांच्या कपाटात राहिलो. वर्षातून एकदा सिद्धू मला उन्हात पसरायचा, वह्यांतली कसर झटकायचा आणि लिंबाचा पाला घालून पुन्हा बांधायचा.

ऐंशी सालच्या मे महिन्यात मला अवेळी काढण्यात आलं. पाटलांच्या सोप्यात माणसं बसली होती. कोंडिबा आता पिकला होता. चोवीस वर्षांचा दत्तोबा उंबऱ्यात उभा होता, त्याच्या हातात लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा. आणि आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई, एकट्याच, उभ्या होत्या. कुणी त्यांना बस म्हटलं नव्हतं.

"मी गेल्याच महिन्यात जयवंताला तपासलंय, पाटील," त्या म्हणाल्या. "तिला अजून पाळी आलेली नाही. तोंडात एक दुधाचा दात आहे, हलतोय. आणि तुम्ही तिला कऱ्हाटीकडं देताय, तीस वर्षांच्या माणसाला. अठरा पूर्ण नसतील तर मी तालुक्याला कळवणार."

"आई न्हाय पोरीला," कोंडिबा खाली बघत म्हणाला. "किती दिस संभाळू?"

पाटील म्हणाले, "बाई, तुमी डोळ्यानं वय मोजणार, का कागदानं? सिद्धू, काढ वही."

सिद्धूनं गाठी सोडल्या. वरती जन्माच्या वह्या होत्या, खाली मयताच्या. त्यानं जन्माच्या तिन्ही वह्या बाहेर घेतल्या, आणि मग मित्रांनो, त्यानं माझं एक टोक उचललं आणि खालच्या दोन वह्यांवर टाकलं. ते टोक त्यानं तळव्यानं दाबून नीट बसवलं. मग बाहेरच्या वह्यांतली एक उघडून वाचलं, "मुलगी. जयवंता. बाप कोंडिबा. अकरा जून एकोणीसशे एकसष्ट."

"म्हंजी अठरा सरून एकोणिसावं सरत आलं," पाटील म्हणाले. "झालं?"

नर्सबाईंनी वही हातात घेतली. अक्षर खरं होतं, शाई जुनी होती, पान कुठं खरवडलेलं नव्हतं. त्यांनी ती परत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"याच्याखाली काय आहे?"

"मयताच्या वह्या," सिद्धू म्हणाला.

"त्याही दाखवा."

सोप्यात एकदम आवाज उठले. "आवो बाई, नवरीचा बाप हितं बसलाय. घरात हळद लागलीया. आन मयताची वही उघडा म्हनता?" "शिकल्या म्हनून काय बी बोलावं व्हय?" पाटलांच्या मंडळी दारातून म्हणाल्या, "तुमचं बी लगीन झालंय न्हवं? तुमच्या हळदीला कुणी मयताचं दप्तर सोडलं हुतं का?"

कुणीतरी हसलं. नर्सबाईंनी पिशवी उचलली. उंबऱ्यापाशी त्या दत्तोबाला म्हणाल्या, "तू तिचा भाऊ ना?" दत्तोबानं पत्रिकांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला आणि त्यांना जायला वाट करून दिली.

सिद्धूनं जन्माचा दाखला लिहिला, पाटलांनी शिक्का मारला. लग्न झालं.

मी कापड आहे. झाकणं हेच माझं काम. त्या दिवशी मी ते चोख केलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिलो, आणि दर वेळी ते मला कमी पटत गेलं.

लग्नानंतर महिन्याभरानं एका दुपारी सिद्धू एकटाच आला. मला सोडून त्यानं मयताची वही काढली, ते पान शोधलं आणि वाचलं, "जयवंता. बाप कोंडिबा. वय तीन वर्षे." गोवर हा शब्द त्यानं वाचला नाही. वही मिटून त्यानं पुन्हा माझ्यात ठेवली. मग बांधून निघून गेला. त्यानंतर त्यानं मला कधी उन्हात घातलं नाही. तो वारला तेव्हा त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झाली. माझ्याकडे तो आलाच नाही.

कपाटात उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. पाटलांच्या मुलांनी वाटण्या केल्या तेव्हा मला दोनदा अंगणात काढून ठेवलं, एकदा माझ्यावर शेंगा वाळत घातल्या. शेवटी वह्यांसकट मला इंदापूरला तालुक्याच्या कचेरीत पोचवलं. तिथं लोखंडी मांडणीवर माझ्यासारखे शेकडो बांधलेले होते. मी खालून दुसऱ्या फळीवर. वर्षानुवर्षं कुणी आलं नाही.

अलीकडे मात्र लोक फार येऊ लागले. कुणाला जातीचा पुरावा हवा, कुणाला वारसाचा. आजोबाच्या आजोबाचं नाव सापडलं की ते मोबाइलवर फोटो काढतात आणि ओरडून फोनवर सांगतात. रेकॉर्ड सांभाळणारे चाँदभाई, निवृत्तीला आठ महिने उरलेले, त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून बघतात.

"जिवंतपणी आजाला कधी पाणी इचारलं न्हाय," ते एकदा एका माणसाला म्हणाले, "आन आता त्याची जात हुडकाय सुटी टाकून आलाय."

"तसं न्हाय, चाँदभाई, पोराच्या ॲडमिशनसाठी..."

"मग तर आजाला नमस्कार कर. त्यो बघ, दुसऱ्या वळीत हाय."

सगळे येतात ते जन्माच्या वह्यांसाठी. मयताच्या वह्या तळाशीच राहतात.

गेल्या फेब्रुवारीत एक बाई आली. पस्तिशीच्या आतली, साधी सुती साडी, हातात प्लास्टिकची पिशवी. बारामतीला शाळेत शिकवते म्हणाली. बरोबर एक म्हातारा, पांढऱ्या टोपीतला. त्याचा आवाज मी ओळखला नाही, कारण मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो काही बोललाच नव्हता. चाँदभाईंनी नाव विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "दत्तोबा कोंडिबा. ही माजी भाची, उत्कर्षा. हिची आई, म्हंजी माजी बहीण जयवंता, सोळा दिस झालं गेली. आन हिला तिचा जन्म हुडकायचाय. आता गेल्या मानसाचा जन्म हुडकून काय करायचंय, तुमीच सांगा, भाई."

चाँदभाईंनी त्याला स्टूल दिलं. उत्कर्षा उभीच राहिली.

"आई घरीच गेली," ती म्हणाली. "एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची आहे. अर्जावर वय लिहावं लागतं. आधारवर त्रेसष्ट आहे. आई अठ्ठावन्न सांगायची."

"बाया कमीच सांगत्यात," दत्तोबा म्हणाला. "आमी तिला म्हनायचो, जयवंते, तू उलटी चालायलीस, नातीच्या वर्गात बसशील."

"हो, मामा. सगळे म्हणायचे." तिनं पिशवीतून एक प्लास्टिकमध्ये घातलेला दाखला काढला. सिद्धूच्या अक्षरातला, पाटलांच्या शिक्क्याचा. "ती म्हणायची, माझ्या लग्नात माझा दात हलत होता. मी तेरा वर्षांची होते. तिनं असं म्हटलं की बाबा ट्रंकेतून हा कागद काढायचे, आणि सगळे हसायचे. मीही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा ती म्हणाली, अठ्ठावन्न. मी तिच्यादेखत म्हटलं, त्रेसष्ट, डॉक्टर, आणि आधार कार्ड दाखवलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी फारशी बोलली नाही." तिनं दाखला टेबलावर ठेवला. "सौरभ, माझा भाऊ, म्हणतो कार्डावर आहे तेच लिही. पण ती खरं बोलत होती का खोटं, एवढं मला बघायचं आहे. खोटं निघालं तर त्रेसष्ट लिहीन."

चाँदभाईंनी मला फळीवरून काढलं. टेबलावर ठेवलं, गाठी सोडल्या. पासष्टपासून अडुसष्टपर्यंतचे सगळे जन्म त्यांनी बोट ठेवून वाचले. गावातल्या कितीतरी मुलांची नावं मी पुन्हा ऐकली. जयवंता त्यात नव्हती. मग त्यांनी एकसष्टचं पान काढलं. अकरा जून. दाखल्याशी तंतोतंत जुळत होतं.

"बघ," दत्तोबा म्हणाला. "सांगत हुतो का न्हाय? चल आता, गाडी चुकंल."

उत्कर्षानं मान हलवली. रुमालानं डोळे पुसावेत तसं तिनं चष्म्याची काच पुसली आणि दाखला पिशवीत ठेवला. चाँदभाई वह्या एकावर एक लावू लागले. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझ्यात खाली दोन वह्या होत्या. त्या या वेळी कुणी मागितल्या नव्हत्या.

"आजी कधी वारली, मामा?" उत्कर्षानं सहज विचारलं. "आईला तिची तारीख माहीत नव्हती. पितरांना पान ठेवताना ती अंदाजानंच ठेवायची. आलोच आहोत तर तेवढी तरी घेऊन जाऊ."

"ती मयताच्या वहीत असंल," चाँदभाई म्हणाले.

दत्तोबा स्टुलावरून उठला. "त्या वहीला हात नगं लावू. अजून वर्स न्हाय फिरलं. घरात लेकरंबाळं हायेत."

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "आपल्या घरात मयत झालंय. आता ती वही आणखी काय आणणार आहे?"

दत्तोबा पुन्हा स्टुलावर टेकला. चाँदभाईंनी माझं टोक बाजूला केलं.

ते पहिल्या पानापासून वाचू लागले. सरुबाई शोधत होते. त्रेसष्ट. चौसष्ट. मार्चपाशी त्यांचा आवाज मंदावला. "गोवर. गोवर. अरे बाबा, किती लेकरं ही." मग बोट थांबलं. "जयवंता. बाप कोंडिबा. मुलगी. वय तीन वर्षे. गोवर."

उत्कर्षा टेबलाच्या आणखी जवळ सरकली.

चाँदभाईंनी जन्माची वही पुन्हा उघडली आणि दोन्ही वह्या माझ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. एका नोंदीवर एका हाताचं बोट, दुसरीवर दुसऱ्या. "नाव त्येच. बाप त्योच. गाव त्येच. म्हंजी एकसष्टला जन्मलेली पोरगी चौसष्टला गेली." त्यांनी वर बघितलं. "मग ऐंशीला लगीन कुणाचं झालं, दत्तोबा?"

दत्तोबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पाठची," तो म्हणाला. "पाठची झाली, तिला तेच नाव ठिवलं. कानामागं डाग हुता. आमचं आबा म्हनलं, तीच परत आली, तर तिची नोंद न्हाय केली."

"उजव्या कानामागं," उत्कर्षा म्हणाली. "शेवटची आंघोळ घालताना मी बघितला." तिनं टेबलाची कड धरली. "तुम्हाला माहीत होतं."

"धा वर्साचा हुतो ती झाली तवा. पाळणा मीच हालवायचो."

"म्हणजे लग्नात ती तेरा वर्षांची होती."

"दिवाळीला चौदावं लागलं हुतं."

"आणि ती सांगायची तेव्हा तुम्हीही हसायचात."

"सगळंच हसायचं, बाळ. मी एकटा न्हाय हसलो तर इचारलं असतं त्यांनी, का न्हाय हसलास म्हनून."

चाँदभाई उठले, माठातलं पाणी आणून दोघांसमोर ठेवलं. कुणी प्यालं नाही. मग ते कामाचं बोलू लागले. कधी कधी तेच बरं असतं.

"बाई, तीन वर्साच्या पोरीच्या मयताची नक्कल मिळंल. अर्ज करा, दोन दिसांत देतो. पर तुमच्या आईच्या जन्माचा कागद मी देऊ शकत न्हाय. त्यो कुठंच न्हाय. सरकारदरबारी त्या जन्मल्याच न्हाईत."

"मग मरण तरी नीट लिहिते," उत्कर्षा म्हणाली. पिशवीतून तिनं मृत्यूच्या नोंदीचा अर्ज काढला आणि माझ्यावर पसरला. वयाच्या रकान्यापाशी पेन टेकलं आणि चाँदभाईंना विचारलं, "अठ्ठावन्न लिहिलं तर मानतील?"

"नक्कल जोडली तरी इचारतील, ही दुसरी कवा जन्मली म्हनून. जाणत्या मानसाचा लेखी जबाब लागंल. घरातल्या. त्या येळी हजर असलेल्या."

दोघांनीही दत्तोबाकडे बघितलं नाही. तो आपणच म्हणाला, "द्या हिकडं कागद."

तो सहावीपर्यंत शिकलेला, पण लिहिण्याची सवय गेलेली. सिद्धूसारखाच एकेक शब्द तोंडानं म्हणत तो लिहू लागला, म्हणून मला ते कळलं. मी दत्तोबा कोंडिबा, वय अडुसष्ट. माझी धाकटी बहीण जयवंता, जन्म सहासष्ट साली दिवाळीच्या आधी. तिचं लग्न ऐंशी साली मे महिन्यात झालं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. एवढं लिहून त्यानं सही करायला पेन खाली नेलं.

"आणखी एक ओळ," उत्कर्षा म्हणाली.

"कुठली?"

"तुम्हाला माहीत होतं, ही."

"नोंदीला तिची काय गरज हाय? वय तर लिवलं."

"नोंदीला नाही."

त्यानं पेन पुन्हा वरच्या ओळीपाशी आणलं. चाँदभाईंनी कागद सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. दत्तोबानं म्हणत म्हणत लिहिलं, "हे मला तेव्हापासून माहीत होतं. मी बोललो नाही." आणि सही केली.

उत्कर्षानं तो कागद दोनदा वाचला. मग अर्जावर वय लिहिलं. काय लिहिलं ते तिनं म्हटलं नाही, पण अर्ज तपासताना चाँदभाईंनी ते मोठ्यानं वाचलं, "अठ्ठावन्न." सरुबाईची तारीख चाँदभाईंनी तिला चिठ्ठीवर लिहून दिली. जाताना दत्तोबा मागे रेंगाळला. तिनं त्याच्यासाठी दार धरलं, पण हात दिला नाही.

पुढे ग्रामपंचायतीत काय झालं, तिच्या वडिलांनी तो जबाब वाचून काय म्हटलं, हे मला माहीत नाही. ती नक्कल घ्यायला आली होती, एकटी. चाँदभाईंना नमस्कार करून लगेच गेली.

आता जुन्या वह्यांना पुठ्ठ्याचे खोके येणार आहेत. माझ्यासारख्या रुमालांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. पुसायला नेतील, नाहीतर जाळतील. इथं मी तुम्हाला म्हणायला हवं की मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण मी किती वाईट काम नीटनेटकेपणानं केलं ते तुम्ही ऐकलं आहे. मला जपलं नाहीत तरी चालेल.

मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी आपल्या आयुष्याबद्दल काही सांगत असेल, आणि ते तुमच्याजवळच्या कागदाशी जुळत नसेल, तर कागद काढून त्याला गप्प करू नका. शेजारी बसा आणि विचारा, काय झालं होतं? माणूस असेपर्यंत विचारा. जयवंताबाईंना कुणी एकदा जरी विचारलं असतं, तरी त्यांनी सगळं सांगितलं असतं. चव्वेचाळीस वर्षं त्या सांगायला तयारच होत्या.